हिऱ्यासारखी कठीण आशा

आमच्या खेड तालुक्याला मोठ्या नावांची ददात नाही. हुतात्मा राजगुरू इथले. गावाचं नावच त्यांच्यामुळे राजगुरुनगर झालं, तरी एसटीत बसलेला म्हातारा आजही 'खेडला चाललोय' असंच सांगतो. यमाईचं कन्हेरसर याच तालुक्यात आणि चंद्रचूडांचं घराणं या कन्हेरसरचं. यशवंत विष्णू चंद्रचूड जन्मले पुण्यात, १२ जुलै १९२० ला. शिकले नूतन मराठी विद्यालयात, कायद्याची पदवी पुण्याच्याच लॉ कॉलेजातली, आणि उरलेली हयात गेली मुंबई-दिल्लीत. पण खेडच्या बाररूमला या तपशिलाशी काय करायचंय? २२ फेब्रुवारी १९७८ ला ते भारताचे सरन्यायाधीश झाले तेव्हा 'आपला माणूस' झाला, एवढं तिथं पुरेसं होतं.

माझे वडील, अण्णा, तेव्हा खेडच्या कोर्टात वकिली करायचे. बांधाचे वाद, विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या, भावाभावांच्या वाटण्या, असली कामं. त्या संध्याकाळी काळा कोट न उतरवताच ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. ओसरीवर बाळकाका बसले होते. आणीबाणी उठल्यावर येरवड्यातून सुटून आलेले. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, धरले होते. गुन्हा काय, तर समाजवाद्यांची पत्रकं वाटली. आईनं पुडा पुढं केला तसा त्यांनी हात मागं घेतला. "वहिनी, आम्ही आत होतो तेव्हा बाहेरून कडी घालणाऱ्यांत हे गृहस्थ होते. दादाला खाऊ दे."

अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या वाट्याला पेढे जास्त आले, म्हणून ती संध्याकाळ लक्षात राहिली. भांडण नेमकं कशावरून होतं हे कळायला वकिलीची पुस्तकं उघडावी लागली.

ती कडी म्हणजे २८ एप्रिल १९७६ चा निकाल. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ला. आणीबाणी पुकारली २५ जून १९७५ ला. दोनच दिवसांत राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि घटनेच्या १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) या कलमांसाठी कोर्टात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की, हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा असा, अर्ज आमच्यापुढं चालेल. धरलेला माणूस निदान कायद्यातल्या तरतुदीप्रमाणं धरलाय की नाही, एवढं तरी आम्ही बघू. त्या नवात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सरकार अपिलात दिल्लीला गेलं. पाच न्यायमूर्ती बसले : सरन्यायाधीश अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती.

सुनावणीत खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं : घटनेत जीविताचाही उल्लेख आहे. एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं, तर तुमच्या युक्तिवादाप्रमाणं त्यावर काही उपाय उरतो का? डे यांनी उत्तर दिलं की, माझा युक्तिवाद सुसंगत ठेवायचा तर, आणीबाणी असेपर्यंत, नाही.

हे ऐकल्यावरही निकाल चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूनं लागला. खन्ना एकटे पडले. निकालाआधी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं की, या निकालापायी माझं सरन्यायाधीशपद जाणार. झालंही तसंच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बेग यांनी आपल्या निकालपत्रात स्थानबद्धांची बडदास्त सरकार जवळजवळ आईच्या मायेनं ठेवतं, असं लिहिलं होतं. हे वाक्य बाळकाकांना पाठ होतं. येरवड्याच्या भाकरीची गोष्ट निघाली की ते ते म्हणून दाखवत आणि स्वतःच हसत.

चंद्रचूडांचं वाक्य मात्र त्यांना हसवत नसे. वकिलांनी एकामागून एक भीती बोलून दाखवली होती की, उद्या स्थानबद्धाला फटके मारले, उपाशी ठेवलं, गोळी घातली तर कुणाकडं जायचं? त्यावर यशवंतरावांनी लिहिलं की, असल्या दुष्कृत्यांनी स्वतंत्र भारताचा लौकिक डागाळलेला नाही, आणि असं कधी घडणार नाही अशी मला हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आहे.

हे लिहिलं गेलं त्याच्या जवळजवळ दोन महिने आधी, १ मार्च १९७६ ला, केरळात कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पी. राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी वसतिगृहातून उचललं होतं. कक्कयमच्या पोलिस छावणीत त्याचा छळ झाला आणि तो तिथंच मेला. त्याचे वडील, हिंदीचे निवृत्त प्राध्यापक, दारोदार फिरत राहिले. त्यांचा हेबिअस कॉर्पसचा अर्ज केरळच्या उच्च न्यायालयात चालला तो १९७७ मध्ये, आणीबाणी उठल्यावर. त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे न्यायमूर्ती आशा लिहीत होते तेव्हा मुलगा मेलेला होता, फक्त ते विचारण्याची सोय कुठंच नव्हती. बंद दाराआड काय चाललंय ते बघायचं नाही असा निकाल द्यायचा आणि आत सगळं ठीक असेल अशी आशा करायची, या दोन गोष्टी एका कागदावर कशा नांदतात ते मला अजून उमगलेलं नाही.

आपण मराठी माणसं न्यायाधीशाला मोजायला बसलो की हातात एकच माप असतं, रामशास्त्री प्रभुण्यांचं. माहुलीचे रामशास्त्री, १७७३ चा नारायणरावाचा खून, राघोबादादांना तोंडावर सांगितलेलं देहान्त प्रायश्चित्त आणि मग पुणं सोडून निघून जाणं. चौथीच्या पुस्तकापासून हे चित्र डोक्यात बसलेलं. एक प्रसंग, एक बाणेदार वाक्य, विषय संपला. पुढं बारभाईंच्या कारभारात रामशास्त्री परत आले, न्यायाधीशाच्या आसनावर बसले आणि मरेपर्यंत कज्जे निवडत राहिले, हे कुणाच्या फारसं ध्यानात नसतं. ते काम म्हणजे रोजचं काम, त्याला चित्र नाही. बाळकाकांनी चंद्रचूडांना त्या मापानं मोजलं आणि नापास केलं. त्या मापानं ते नापासच आहेत, त्यात मी काही सवलत मागत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी यशवंतराव चव्हाण हजर असताना जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. त्यांच्यापाशी ना पद होतं ना सरकारी गाडी, आणि पुढं त्यांना तुरुंगही झाला. ज्यांना घटनेनंच अभय दिलंय त्यांनी दुर्गाबाईंहून कमी धीर दाखवावा, ही गोष्ट टोचणारच.

पण माणूस भित्रा होता म्हणून मोकळं व्हावं, तर हिशेब जुळत नाही. त्याच आणीबाणीत, ७ नोव्हेंबर १९७५ ला, इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात हेच चंद्रचूड पाचांच्या पीठावर होते. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर काढणारं ३९ व्या घटनादुरुस्तीतलं कलम त्या पीठानं रद्द केलं. बाईंची निवडणूक सुधारित निवडणूक कायद्यामुळं वाचली खरी, पण कलम गेलं. गंमत अशी की, १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, जिथं सात विरुद्ध सहा मतांनी घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेलाही हात लावता येत नाही हा सिद्धांत जन्मला, तिथं चंद्रचूड त्या सहांत होते. संसदेच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असं त्यांचं मत पडलं होतं. दोन वर्षांनी बहुमताचा निकाल शिरसावंद्य मानून त्यांनी तोच सिद्धांत चालवला.

अण्णांचं याबाबत एक मत होतं आणि ते मला आजही बरंचसं पटतं. ते म्हणत, यशवंतराव मुळात सरकारी वकील. १९४३ ला मुंबईत वकिली सुरू केली, १९५२ पासून सरकारी बाजू मांडू लागले, १९५८ ला सरकारी वकील झाले. नानावटी खटला गाजला तो याच काळात. नौदलाचे कमांडर कावस नानावटी, त्यांच्या पत्नीचा मित्र प्रेम आहुजा, तीन गोळ्या, आणि नऊ ज्युरींपैकी आठांनी दिलेला 'निर्दोष' असा कौल. सत्र न्यायाधीश मेहतांना तो कौल मान्य होईना, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं. तिथं सरकारतर्फे उभे राहिले चंद्रचूड. ज्युरीची दिशाभूल कशी झाली, हातघाई झाली असती तर आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, असं करत त्यांनी बचावाची वीण उसवली. नानावटींना जन्मठेप झाली. मार्च १९६१ मध्ये चंद्रचूड उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९७२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीला गेले. अण्णांचं म्हणणं, मसुदा वाचून त्याचा अर्थ अक्षरशः लावायची सवय त्या माणसात मुरलेली होती. राष्ट्रपतींच्या आदेशात 'दाद मागता येणार नाही' असं लिहिलंय ना, मग नाही. मसुदाच खोटा असेल तर काय, हा प्रश्न सरकारी वकिलाला पडत नाही. न्यायमूर्तीला पडायला हवा होता.

१९७८ ला ज्येष्ठतेनुसार त्यांचा नंबर लागला तेव्हा मुंबईतल्या नामवंत वकिलांनी आणि नागरिकांनी पत्रक काढून विरोध केला होता. केंद्रात मोरारजींचं जनता सरकार होतं, त्यातले अर्धे मंत्री तुरुंगात राहून आलेले. कायदामंत्री होते शांतिभूषण, जे १९७६ ला स्थानबद्धांच्या बाजूनं याच चंद्रचूडांपुढं उभे राहून हरले होते. एकदा ज्येष्ठता मोडली की ती कायमची मोडते, हे १९७३ ला राय यांच्या आणि १९७७ ला बेग यांच्या नेमणुकीत दिसलेलं असल्यामुळं त्यांनी नियम पाळला. हरलेल्या वकिलानं न्यायाधीशाला बढती दिली. असला मोठेपणा आपल्या राजकारणात फार वेळा बघायला मिळत नाही. त्याच वर्षी एका जाहीर भाषणात चंद्रचूडांनी खंतही बोलून दाखवली : पद सोडून लोकांना स्वच्छ सांगण्याचं धैर्य माझ्यापाशी नव्हतं.

मग आली ती सात वर्षं आणि साडेचार महिने. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. आपल्या उदय लळितांना ७४ दिवस मिळाले होते. पहिल्याच उन्हाळ्यात, साक्षीदार फोडल्याच्या आरोपावरून, त्यांनी संजय गांधींचा जामीन महिनाभरासाठी रद्द केला आणि त्यांना तिहारला धाडलं. पण खरा निकाल १९८० चा, मिनर्व्हा मिल्सचा. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं संसदेला घटना हवी तशी बदलायची अमर्याद सत्ता दिली होती. नानी पालखीवालांनी युक्तिवाद केला आणि बहुमताचा निकाल चंद्रचूडांनी लिहिला. ज्याला मर्यादित अधिकार दिलाय, त्याला तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येणार नाही. तेव्हा इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. टागोरांना आपला देश ज्या स्वातंत्र्याच्या स्वर्गात जागा व्हावा असं वाटत होतं तो स्वर्ग आणि बेलगाम सत्तेची दरी, यांच्यामध्ये घटनेतली तीन कलमं उभी आहेत, आणि तीनच, असं त्यांनी त्यात लिहिलं. १४, १९ (भाषण-संचारासारखी स्वातंत्र्यं) आणि २१.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. यातली १४ आणि २१ हीच तर कलमं राष्ट्रपतींच्या आदेशात होती! १९ वं तर आणीबाणीत आपोआपच निलंबित झालेलं. १९७६ ला याच माणसानं ज्यावर हात झटकले, त्याच तिघांना आता तो देशाचे राखणदार म्हणत होता. त्या निकालपत्रात १९७६ बद्दल कबुलीजबाब नाही. पण मला ते तसंच वाचता येतं. बाळकाकांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं. पण चार वर्षं उशिरा." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांचा खटला मला या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात माणसं दिसतात. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की, फुटपाथवर राहणाऱ्यांना हलवून आपापल्या गावी पाठवायचं. भर पावसाळा. झोपड्या पाडल्या, माणसं एसटीच्या गाड्यांत घातली. पी. अंगमुथू हा सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळात काम सुटलं म्हणून १९६१ ला मुंबईत आलेला. दहिसरच्या केमिकल कंपनीत रोज २३ रुपयांवर होता. प्लॅस्टिक आणि ताडपत्रीच्या खोपटासाठी झोपडपट्टीच्या दादानं त्याच्याकडून २५०० रुपये उकळले होते. बायको आणि तीन मुली. त्याला सेलमला पाठवलं, तो परत आला, कारण काम मुंबईत होतं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर मंडळी कोर्टात गेली. चंद्रचूडांच्या निकालपत्रात हे सगळं बारकाव्यानिशी आहे. पिसाळलेली कुत्री, उंदरांमागं फिरणारी मांजरं, वयात आलेल्या मुलींची रस्त्यावरची आंघोळ, सगळं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाची भाषा एरवी इतकी खाली वाकून बघत नाही. कुणाचं उपजीविकेचं साधन काढून घ्या, म्हणजे त्याचा जीवच काढून घेतला, असं म्हणून त्यांनी २१ व्या कलमात पोट घातलं.

आणि मग? मग फुटपाथ हे चालण्यासाठी असतात, महापालिकेचा कायदा वैध आहे, झोपड्या काढता येतील. फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, थांबा. ज्यांची १९७६ ला गणना झाली होती त्यांना दुसरी जागा द्या. हक्क मान्य, घर नामंजूर. पुष्कळांना हा निकाल ढोंगी वाटतो. मला तो अर्धा वाटतो. पण खटला चालला त्या चार वर्षांत खोपटी उभी राहिली, आणि त्यानंतर कुठंही वस्ती उठवायला बुलडोझर निघाला की गरिबांचे वकील याच निकालातली ओळ घेऊन उभे राहतात. तारीख बघा : १० जुलै १९८५. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधला शाहबानोचा निकालही त्यांचाच. इंदूरची घटस्फोटित वृद्धा, दरमहा १७९ रुपये २० पैशांची पोटगी, आणि त्यावरून पेटलेला देश. १९८६ ला संसदेनं कायदा करून तो फिरवला. हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार करणारे फार नव्हते. याउलट मे १९८५ मध्ये व्यभिचाराचं जुनं कलम, ज्यात बायको ही नवऱ्याची मालमत्ता असल्यासारखी गृहीत धरलेली, त्यांनी कायम ठेवलं. न्यायमूर्तींच्या नेमणुका-बदल्यांवरून सरकारशी आणि भगवतींशी झालेल्या त्यांच्या कुरबुरींवर मी मुद्दाम लिहीत नाही. तो रटाळ आणि कडवट मामला आहे.

मुलाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. धनंजय चंद्रचूडांनी २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या हक्काच्या निकालात जबलपूर प्रकरणातल्या चौघांच्या निकालपत्रांत गंभीर दोष असल्याचं लिहून तो निकाल मोडीत काढला. २०१८ मध्ये व्यभिचाराचं कलमही गेलं, त्या पीठावरही ते होते. वर्तमानपत्रांनी 'मुलानं बापाला चुकीचं ठरवलं' असे मथळे दिले. मला त्यात नाट्य कमी आणि रीत जास्त दिसते. कोर्टाचं कामच पुढच्या पिढीनं मागच्या पिढीचं तपासून घेण्याचं असतं. ती पिढी आपल्याच घरातली निघावी हा योगायोग. नोव्हेंबर २०२४ मध्ये धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे. निरोपाच्या भाषणात चंद्रचूडांनी वडिलांची एक आठवण सांगितली. पुण्यात छोटा फ्लॅट घेतला होता आणि मुलाला सांगितलं होतं की, न्यायाधीश असेपर्यंत हा विकू नकोस. सचोटीला बाध येईलसं वाटलं तर डोक्यावर छप्पर आहे एवढं लक्षात असू दे. ती आठवण ऐकताना मला १९७६ आठवलं. मुलाला हे बजावणाऱ्या माणसानं स्वतःच्या कुठल्या रात्रीतून हे काढलं असेल?

खेडच्या कोर्टात आता मीही जातो. तिथं चंद्रचूडांचं रोज चालणारं काम मिनर्व्हा मिल्सचं नाही, ऑल्गा टेलिसचंही नाही. ते गुरबक्षसिंग सिब्बियाचं आहे, एप्रिल १९८० चं. पंजाबच्या उच्च न्यायालयानं अटकपूर्व जामिनाला इतक्या अटी घातल्या होत्या की तो मिळणंच अवघड व्हावं. चंद्रचूडांनी पाच जणांच्या पीठातर्फे त्या झटकून टाकल्या. कायद्यानं घातलेली नाहीत ती बंधनं न्यायाधीशांनी घालू नयेत, हे सांगताना त्यांनी स्वातंत्र्याची बाजू धरली. बांधावरून भावाचं डोकं फुटतं, सुनेची तक्रार जाते, सरपंचाच्या निवडणुकीत खोटे गुन्हे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सत्र न्यायालयात अर्ज लागतो. अर्जात सिब्बियाचा हवाला असतोच. ज्युनियर पोरांना तो परिच्छेदासकट पाठ असतो.

तो कुणी लिहिला असं बाररूममध्ये विचारलं तर निम्मे गप्प बसतात. नानावटी खटला मात्र सगळ्यांना माहीत असतो, टॉवेलसकट.